जावामध्ये मराठी फाइल वाचून पुन्हा लिहिताना ठरावीक अक्षरेच बिघडतात आणि शेवटच्या नोंदी गळतात

दाखलनोंद यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाची दाखल नोंदवही संगणकावर आणण्याचे काम मी गेल्या पावसाळ्यापासून करतो आहे. एकूण ११,४८२ नोंदी आहेत. प्रत्येक ओळीत दाखल क्रमांक, पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकार आणि किंमत असून मधे स्वल्पविराम आहेत. ही फाइल वाचायची, नोंदी प्रकारानुसार लावायच्या आणि नवी फाइल लिहायची, एवढेच माझ्या जावा प्रोग्रॅमचे काम आहे. वाचण्यासाठी फाइलरीडर घेऊन तो बफर्डरीडरमध्ये घातला आहे, आणि लिहिण्यासाठी त्याचप्रमाणे फाइलरायटर आणि बफर्डरायटर वापरले आहेत.

घरच्या उबुंटूवर मी प्रोग्रॅम चालवून पाहिला तेव्हा सर्व मजकूर स्वच्छ दिसत होता. वाचनालयातील विंडोज संगणकावर, जिथे जावा ८ आहे, तोच प्रोग्रॅम चालवला आणि दोन गोष्टी घडल्या.

पहिली अशी की काही शब्द जसेच्या तसे राहिले आणि काहींमध्ये चौकोन व प्रश्नचिन्हे आली. 'कादंबरी', 'कविता', 'नाटक', 'इतिहास' हे प्रकार नीट आहेत. 'चरित्र', 'प्रवासवर्णन' आणि 'कथासंग्रह' मात्र बिघडले आहेत. यावरून मला जोडाक्षरांची शंका आली होती, परंतु 'झाड', 'एक' आणि 'गुलाब' हे शब्दही बिघडले आहेत आणि त्यांत एकही जोडाक्षर नाही. मूळ फाइल त्याच संगणकावर नोटपॅडमध्ये उघडली तर उत्तम दिसते, म्हणजे फाँटचा दोष नसावा.

दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. नव्या फाइलीत ११,४०० ओळी पूर्ण आहेत, पुढची ओळ लेखकाच्या नावाच्या मध्यावर तुटली आहे आणि उरलेल्या नोंदींचा पत्ता नाही. कोणताही एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याचा इशारा, आला नाही. फाइलीचा आकार १७,२०,३२० बाइट दाखवतो.

जाता जाता एक मूलभूत शंकाही विचारतो. एक साधी फाइल वाचण्यासाठी एकात एक अशी दोन-तीन ऑब्जेक्ट का करावी लागतात? सगळे एकाच क्लासमध्ये का ठेवलेले नाही?

कोयनाकाठ यांचे उत्तर

तुम्ही बिघडलेल्या आणि न बिघडलेल्या शब्दांची यादी दिलीत हे फार बरे केले, कारण त्या यादीवरून दोष नेमका कोठे आहे हे बोट ठेवून दाखवता येते. जोडाक्षरांचा येथे थेट संबंध नाही. संबंध आहे तो हलन्ताचा (संगणकात जोडाक्षर साठवताना दोन व्यंजनांच्या मधे हे पाय मोडण्याचे चिन्ह असते), आणि तोही एका विशिष्ट बाइटमुळे.

तुमची मूळ फाइल यूटीएफ-८ या, अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत आहे. त्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांनी लिहिले जाते आणि काना, मात्रा, उकार, अनुस्वार, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे मानली जातात. 'क' म्हणजे २२४, १६४, १४९ हे तीन बाइट. ऱ्हस्व उकार म्हणजे २२४, १६५, १२९, आणि हलन्त म्हणजे २२४, १६५, १४१.

आता फाइलरीडर काय करतो ते पाहा. त्याला फाइलीतील बाइटांचे अक्षरांत रूपांतर करायचे असते, पण कोणत्या पद्धतीने करायचे हे तुम्ही सांगितलेले नाही. म्हणून तो त्या संगणकाची ठरलेली पद्धत घेतो. उबुंटूवर ती यूटीएफ-८ होती. इंग्रजी मांडणीच्या विंडोजवर जावा ८ ती विंडोज-१२५२ अशी धरते, आणि त्या पद्धतीत एक बाइट म्हणजे एक अक्षर. त्यामुळे तुमच्या 'क'ची तीन वेगवेगळी लॅटिन चिन्हे झाली. प्रोग्रॅमला त्यात काही वावगे वाटले नाही. लिहिताना फाइलरायटरने तीच पद्धत उलट दिशेने वापरली, त्या तीन चिन्हांचे पुन्हा तेच तीन बाइट झाले आणि 'क' सुखरूप परत आला. तुमचे बरेचसे शब्द वाचले ते असे, दोन चुकांनी एकमेकींना झाकल्यामुळे.

परंतु विंडोज-१२५२ मध्ये पाच बाइटांना अक्षरच नेमून दिलेले नाही: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. यांपैकी एखादा बाइट आला की जावा त्याच्या जागी 'वाचता न आलेले अक्षर' असे एक खास चिन्ह ठेवते, आणि ते चिन्ह विंडोज-१२५२ मध्ये परत लिहिता येत नसल्यामुळे लिहिताना त्याचे साधे प्रश्नचिन्ह होते. १२९ वर संपतात ऱ्हस्व उकार आणि चंद्रबिंदू. १४१ वर हलन्त आणि 'ऍ'. १४३ वर 'ए'. १४४ वर 'ऐ'. १५७ वर 'झ'. आता आपली यादी पुन्हा वाचा. 'गुलाब' ऱ्हस्व उकारामुळे गेला, 'झाड' 'झ'मुळे, 'एक' 'ए'मुळे, आणि 'चरित्र' हलन्तामुळे. 'कादंबरी'मध्ये यांपैकी काहीच नाही, म्हणून ती वाचली. स्वल्पविराम कोठेही बिघडले नाहीत याचेही कारण आहे: यूटीएफ-८ मध्ये देवनागरी चिन्हाचा एकही बाइट १२८ च्या खाली नसतो, त्यामुळे स्वल्पविरामाचा बाइट त्यात कधी मिसळत नाही.

उपाय असा की पद्धत यंत्रावर सोडू नये. फाइलइनपुटस्ट्रीम उघडावा, तो इनपुटस्ट्रीमरीडरला देताना सोबत स्टँडर्डचारसेट्समधील यूटीएफ-८ हे नाव द्यावे आणि तो रीडर बफर्डरीडरमध्ये घालावा. लिहिताना फाइलआउटपुटस्ट्रीम, आउटपुटस्ट्रीमरायटर आणि बफर्डरायटर यांची तशीच साखळी करावी. फाइलरीडरलाच पद्धतीचे नाव देण्याची सोय जावा ११ पासून आहे, त्यामुळे ती तुम्हाला वाचनालयात मिळणार नाही. मार्च २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून सर्वच संगणकांवर यूटीएफ-८ गृहीत धरले जाते. तरीही मी नाव लिहितोच, कारण प्रोग्रॅम कोणत्या आवृत्तीवर चालेल हे लिहिणाऱ्याच्या हाती क्वचितच असते.

आता गळालेल्या नोंदींविषयी. १७,२०,३२० ला ८,१९२ ने भागून पाहा. बरोबर २१० येतात. बफर्डरायटरचा बफर, म्हणजे मजकूर तात्पुरता साठवण्याची जागा, ८,१९२ अक्षरांचा असतो, आणि जावा ८ मध्ये त्याच्या खालच्या रायटरपाशी ८,१९२ बाइटांचा आणखी एक असतो. ते भरले की मजकूर पुढे जातो, तोवर तो प्रोग्रॅमच्या स्मृतीतच राहतो. फाइल अशी नेमक्या पटीत संपलेली दिसली की शेवटी रायटर बंद करणारी क्लोज मेथड चाललेली नाही असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. प्रोग्रॅम संपला की ऑपरेटिंग सिस्टीम फाइल बंद करते हे खरे, पण जो मजकूर तिच्या हाती कधी दिलाच नाही तो ती कोठून लिहिणार? म्हणूनच एक्सेप्शनही आला नाही.

क्लोज हाताने लिहू नका. २०११ मध्ये जावा ७ बरोबर ट्राय-विथ-रिसोर्सेस ही रचना आली. ट्रायच्या कंसातच रीडर आणि रायटर उघडले की तो खंड संपताना, मग तो सरळ संपो किंवा एक्सेप्शनमुळे संपो, दोन्ही आपोआप बंद होतात. शेवटी उघडलेला आधी, या क्रमाने. बाहेरचा रायटर बंद झाला की आतले सर्व त्याच्यामागोमाग बंद होतात आणि बफरमध्ये उरलेले फाइलीत उतरते.

अबोली यांचे उत्तर

निदान वर पूर्ण झाले आहे, म्हणून मी केवळ तुमच्या तिसऱ्या शंकेविषयी लिहिते. विद्यार्थ्यांना हा विषय शिकवताना नेमकी हीच शंका दरवर्षी येते आणि ती अगदी रास्त आहे.

जावाच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे १९९६ मध्ये, इनपुटस्ट्रीम आणि आउटपुटस्ट्रीम हीच घराणी होती आणि दोन्ही बाइटांची. बाइट म्हणजेच अक्षर असे मानून चालणे इंग्रजीपुरते ठीक होते; इतर लिप्यांसाठी ते मोडले. १९९७ च्या जावा १.१ मध्ये रीडर आणि रायटर ही अक्षरांची घराणी आली. डेटाइनपुटस्ट्रीममधील ओळ वाचण्याची मेथड त्याच आवृत्तीपासून वापरू नये असे सांगितले गेले, कारण ती बाइटांचे अक्षरांत रूपांतर नीट करीत नव्हती. बाइट आणि अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे क्लासच्या नावातच दिसावे, ही सुधारणा मला फार मोलाची वाटते.

आता एकात एक ऑब्जेक्ट का, ते पाहू. बाइट फाइलीतून येतील, नेटवर्कच्या सॉकेटमधून येतील, स्मृतीतील ॲरेमधून येतील किंवा झिप फाइलीच्या एखाद्या कप्प्यातून येतील. त्यांवर बफर हवा असेल किंवा नसेल, ते दाबून लहान केलेले असतील किंवा नसतील, त्यांतून अक्षरे हवी असतील किंवा कच्चे बाइटच हवे असतील. या प्रत्येक जोडीसाठी वेगळा क्लास लिहायचा तर क्लासची संख्या हाताबाहेर जाईल. त्याऐवजी प्रत्येक क्लासने एकच काम करायचे आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या ऑब्जेक्टला पोटात घ्यायचे, अशी रचना केली आहे. बफर्डरीडरला आत कोणता रीडर आहे याची चौकशी करावी लागत नाही. त्याला फक्त रीड ही मेथड हवी असते. उद्या तुमची फाइल जीझिपने दाबलेली आली, तर फाइलइनपुटस्ट्रीम आणि इनपुटस्ट्रीमरीडर यांच्या मधे एक जीझिपइनपुटस्ट्रीम घातला की पुरे, बाकीच्या प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही लागत नाही. डिझाइन पॅटर्नच्या भाषेत याला डेकोरेटर म्हणतात. अमूर्त क्लास, वारसा आणि बहुरूपता ही ऑब्जेक्टप्रधान भाषेची तिन्ही अंगे एकाच ठिकाणी काम करताना पाहायची असतील, तर मी मुलांना हेच पॅकेज उघडून दाखवते.

पुढे वाचनालय पुस्तकांच्या मुखपृष्ठांची छायाचित्रे ठेवू लागले, तर ती रीडर-रायटरने कधीही नकलू नका. तेथे बाइटांचे स्ट्रीमच हवेत. आणि नक्कल करताना रीड मेथड किती बाइट वाचले ते जो आकडा परत देते, नेमके तेवढेच बाइट लिहा, पूर्ण ॲरे लिहू नका. शेवटच्या फेरीत ॲरे क्वचितच पूर्ण भरतो, आणि मागच्या फेरीतले उरलेसुरले बाइट चित्राच्या शेवटी चिकटतात.

दाखलनोंद यांचा प्रतिसाद

आपणा दोघांचे मनापासून आभार. पद्धतीचे नाव लिहिले, ट्राय-विथ-रिसोर्सेस केले आणि वाचनालयाच्या संगणकावर ११,४८२ च्या ११,४८२ ओळी आल्या. 'प्रवासवर्णन' आणि 'झाड'ही नीट आले. घरची जुनी फाइल पुन्हा उघडून पाहिली, तर तिचाही शेवट तुटलेला निघाला. मी तेव्हा पहिली काही पानेच पाहिली होती.

मात्र काल ग्रंथपालबाईंनी नोंदवही एक्सेलमधून नव्याने काढून दिली. जतन करताना त्यांनी यूटीएफ-८ असा स्वल्पविरामांचा प्रकार निवडला होता. ती फाइल दिली की पहिल्याच ओळीवर नंबरफॉरमॅटएक्सेप्शन येतो, म्हणजे मजकुराचा आकडा करता आला नाही अशी तक्रार. संदेशात अवतरणचिन्हांत फक्त १ हा आकडा दिसतो. आमचे दाखल क्रमांक देवनागरी अंकांत आहेत, त्यामुळे तर असे होत नसेल?

घाटमाथा यांचे उत्तर

देवनागरी अंकांचा दोष नाही. इंटिजर क्लासची पार्सइंट मेथड युनिकोडमधील (सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतील) इतर लिप्यांचे अंकही ओळखते, तेव्हा '१२' या देवनागरी मजकुराचा तिला बारा असाच आकडा मिळतो. तुमची आधीची फाइल याच अंकांसह चालली, हाच त्याचा पुरावा.

एक्सेल त्या प्रकारात फाइलीच्या अगदी आरंभी २३९, १८७, १९१ असे तीन बाइट लिहिते. फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे हे ओळखण्याची ती खूण असते आणि तिला बॉम म्हणतात. जावाचा रीडर ती स्वतःहून गाळत नाही, तर तिचे एक अदृश्य अक्षर करून पहिल्या ओळीच्या डोक्यावर ठेवतो. तुम्हाला संदेशात जो नुसता १ दिसतो, त्याच्या आधी ते अक्षर उभे आहे. त्या मजकुराची लांबी छापून पाहा, दोन येईल. ट्रिम केल्याने ते जात नाही, कारण ट्रिम फक्त रिकाम्या जागा आणि तिच्याखालच्या क्रमांकांची नियंत्रक चिन्हे काढते. पहिली ओळ वाचल्यावर तिचे पहिले अक्षर युनिकोडमधील ६५,२७९ क्रमांकाचे आहे का ते तपासा आणि असल्यास तेवढे सोडून पुढचा मजकूर घ्या. हे फक्त पहिल्या ओळीपुरते करा.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. तुम्ही लिहिलेली फाइल वाचनालयात दुहेरी क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली जाणार असेल, तर ती खूण तुम्हालाच आरंभी लिहावी लागेल. ती नसली तर एक्सेल जुनी पद्धत गृहीत धरते, आणि ग्रंथपालबाईंना सगळी फाइल लॅटिन चिन्हांनी भरलेली दिसेल.

कोयनाकाठ यांच्या साखळीत मी एक बदल सुचवीन. इनपुटस्ट्रीमरीडरला यूटीएफ-८ चे नाव दिले, तरी फाइलीत चुकीचे बाइट आढळल्यास तो गप्प राहून त्यांच्या जागी तेच 'वाचता न आलेले अक्षर' ठेवतो. याउलट फाइल्स या क्लासची न्यूबफर्डरीडर मेथड अशा वेळी मॅलफॉर्म्डइनपुटएक्सेप्शन देऊन थांबते. ती जावा ७ पासून आहे, म्हणजे तुमच्याकडे चालेल. नोंदवहीसारख्या कामात मला थांबणारा प्रोग्रॅम हवा. चुकीची पद्धत लागली हे पहिल्याच मिनिटाला कळणे आणि सहा महिन्यांनी एखादे नाव शोधताना कळणे यांत फार अंतर आहे. याच कारणासाठी मी अशा कामात प्रिंटरायटर वापरत नाही. डिस्क भरली तरी त्याची प्रिंट मेथड एक्सेप्शन देत नाही, चेकएरर ही मेथड आपण होऊन विचारावी लागते, आणि ती विचारायची राहून जाते.

दाखलनोंद यांचा प्रतिसाद

खूण गाळली आणि फाइल चालली. ग्रंथपालबाईंसाठी लिहिताना ती घातलीही.

एक गोष्ट आता सांगितलीच पाहिजे. हा प्रश्न विचारण्याच्या आधी मी सभासदांची यादी जुन्याच प्रोग्रॅमने अकारविल्हे लावली होती आणि ती मूळ फाइलीच्याच नावाने लिहिली होती. सुमारे ६०० नावे आहेत. 'पाटील', 'जाधव', 'शिंदे' ठीक आहेत, पण प्रत्येक 'कुलकर्णी' दोन ठिकाणी फुटला आहे, आणि यादीचा शेवटही गेला आहे. दुसरी प्रत नाही. यातून काही परत मिळवता येईल का?

कोयनाकाठ यांचे उत्तर

अंशतः मिळवता येईल. तुमच्या बिघडलेल्या फाइलीत प्रत्येक फुटक्या चिन्हाचे पहिले दोन बाइट शाबूत आहेत, फक्त तिसऱ्याचे प्रश्नचिन्ह झाले आहे. तेव्हा फाइल बाइटांच्या स्ट्रीमने वाचा, रीडरने नको. २२४, १६५ आणि त्यापुढे प्रश्नचिन्हाचा ६३ हा बाइट असे जेथे सापडेल, तेथे मराठी मजकुरात मुळात ऱ्हस्व उकार असणार किंवा हलन्त, क्वचित 'ॐ'. २२४, १६४ आणि ६३ असे असेल तेथे 'झ', 'ए', 'ऐ', 'ऍ' किंवा चंद्रबिंदू. यांपैकी नेमके कोणते हे फाइलीत आता कोठेही नोंदलेले नाही, त्यामुळे प्रोग्रॅम ते ठरवू शकत नाही. तो प्रत्येक जागेसाठी पर्याय मांडू शकतो, आणि 'क' व 'लकर' यांच्या मधे काय होते ते माणूस पाहताक्षणी सांगेल. यादीचा गेलेला शेवट मात्र फाइलीत नाहीच. तो कागदावरूनच आणावा लागेल.

यापुढे मूळ नावावर थेट लिहू नका. फाइलरायटर उघडला जातो त्याच क्षणी जुनी फाइल रिकामी होते, मग पुढे एकही ओळ लिहिली जावो वा न जावो. शेजारी तात्पुरत्या नावाने लिहा, ती फाइल बंद झाल्यावर तिच्या ओळी मोजा, संख्या जुळली तरच फाइल्स क्लासच्या मूव्ह मेथडने रिप्लेस-एक्झिस्टिंग हा पर्याय देऊन नाव बदला.

दाखलनोंद यांचा प्रतिसाद

तसेच केले. प्रोग्रॅमने ४१७ जागा काढून दिल्या. त्या मी आणि ग्रंथपालबाईंनी दोन संध्याकाळी बसून भरल्या. मी ओळ वाचायची आणि त्यांनी वर्गणीच्या पावतीपुस्तकात नाव पाहून सांगायचे, असे. तीन नावे पावतीपुस्तकातही अस्पष्ट होती, त्या सभासदांना दूरध्वनी करून विचारले. यादीच्या शेवटची ७१ नावे पुन्हा टंकली. नवी फाइल तात्पुरत्या नावाने लिहून, ओळी मोजून मगच जागेवर ठेवली आहे, आणि तिची एक प्रत ग्रंथपालबाईंच्या पेन ड्राइव्हवर दिली आहे.